चेन ड्राइव्हचं गणित आणि ताम्हिणी घाट

मे २०२४ च्या परीक्षेत चेन ड्राइव्हचं गणित अस्मादिकांनी एका दमात सोडवलं होतं. दोनच महिन्यांनी, जुलैतल्या एका रविवारी, ताम्हिणी घाटात भर पावसात मी ॲक्सिलरेटर पिळतोय, इंजिन बोंबलतंय आणि गाडी मात्र पुढे जात नाहीये! वळून पाहिलं तर चेन रस्त्यावर पडलेली. मागे मित्र बसलेला, संध्याकाळचे सहा वाजलेले, धुकं दाटलेलं आणि मोबाइलला रेंज नाही.

चेनचं लॉक उडालं होतं. खरं तर पंधरा दिवस चेन खरखर करून सांगत होती, पण मी 'उद्या बघू' म्हणत राहिलो. पाऊण तासाने एक दूधवाले काका थांबले. "काय शिकतोस रं?" "मेकॅनिकल इंजिनीअरिंग." काका काहीच बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं! त्यांनी पिशवीतून पक्कड आणि जादा चेन लॉक काढलं. नशिबाने दोन्ही गाड्यांच्या चेनचा साइज एकच होता. दहा मिनिटांत काम झालं.

तेव्हापासून जे शिकलो, ते नवीन गाडी हातात आलेल्यांसाठी लिहितोय.

चेन : गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये आणि इंजिन बंद! गिअरमध्ये चाक फिरवत चेन पुसताना बोटं जातात. खालची चेन मधोमध बोटाने वर-खाली करा. साधारण १०० ते १५० सीसी गाड्यांना २० ते ३० मिमी ढिलाई लागते. नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. चाक फिरवून तीन-चार ठिकाणी बघा, कारण चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. फार आवळली तरी बेअरिंग खराब होतं. ॲडजस्टरच्या खुणा दोन्ही बाजूंना सारख्याच हव्यात, नाहीतर चाक तिरकं बसतं. दर ५०० किमीला आणि पावसात भिजल्यावर चेन पुसून ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे मारा. आणि माझी चूक लक्षात ठेवा : लॉकच्या क्लिपचं बंद टोक चेन ज्या दिशेला फिरते तिकडे हवं. माझी उलटी बसवलेली असणार, आणि मी कधी वाकून पाहिलंच नव्हतं.

टायर : हवा आठवड्यातून एकदा, टायर थंड असताना. डबलसीट जाणार असाल तर मागच्या चाकात जास्त लागते. टायरच्या खाचेत टीडब्ल्यूआयची बारीक उंच पट्टी असते. नक्षी झिजून तिच्या पातळीला आली की टायर बदलायचा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा दिसला आणि हवा टिकून असेल, तर तिथेच उपटू नका. हळूहळू पंक्चरवाल्यापर्यंत जा.

तेल, ब्रेक, केबल : इंजिन ऑइल सपाट जागी, गाडी सरळ उभी करून बघा. दोन्ही ब्रेक दाबून मागचा दिवा लागतो का पाहा. क्लच केबल बहुधा लिव्हरपाशी आधी तुटते. तिथे एखादी तार सुटलेली दिसली की लगेच बदला.

सोबत ठेवा : कंपनीची टूल किट, पक्कड, चेन लॉक, स्पार्क प्लग, प्लग पाना, फ्यूज, क्लच केबल, टॉर्च, फडकं आणि प्रथमोपचाराचं थोडं सामान. फ्यूज उडाला तर त्याच ॲम्पिअरचा टाका. चांदी किंवा तार गुंडाळण्याचा जुगाड केलात, तर पुढच्या वेळी वायरिंग जळेल.

गाडी बंद पडलीच तर : आधी ती वळणापासून लांब, रस्त्याच्या डाव्या कडेला घ्या. इंडिकेटर लावा आणि स्वतः रस्त्यापासून दूर उभे राहा. गाडी दुरुस्त करायला अख्खी रात्र आहे, पण मागून येणाऱ्या ट्रकला तुम्ही दिसलंच पाहिजे. मग क्रमाने बघा : किल स्विच (मित्राने गंमत म्हणून दाबलेला असतो!), साइड स्टँड, पेट्रोल, फ्यूज, प्लग. फ्युएल इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांना रिझर्व्हचा कॉक नसतो, तेव्हा टाकी कोरडी होईपर्यंत थांबू नका. अपघात झाला तर ११२.

एवढं सगळं तपासायला रविवारी सकाळी पंधरा मिनिटं पुरतात. चहा गार व्हायच्या आत होतं!

त्या दिवशी मी काकांना पैसे देऊ केले. ते म्हणाले, "पैसं नको. दोन लॉकं इकत घेऊन ठेव. एक तुला, एक दुसऱ्याला." माझ्या गाडीत आता दोन असतात. दुसरं अजून कुणाला लागलेलं नाही. पार्किंगमध्ये काळी १२५ दिसली तर हक्काने मागा.

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल