हक्कसोडपत्र : बहिणीची सही आणि माहेरची किंमत

वडिलांच्या निधनानंतर सातबारावर किंवा मिळकत पत्रिकेवर वारसांची नावे लावण्याची वेळ आली, की अनेक मराठी घरांत विवाहित बहिणीला दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात येण्याचा निरोप जातो. तिने हक्कसोडपत्रावर सही करावी, ही अपेक्षा गृहीतच धरलेली असते. सही केली तर माहेर शाबूत राहते. नकार दिला तर भावाच्या तोंडचा घास काढून घेतल्याचा ठपका येतो. स्त्री-पुरुष समानतेसाठी कायद्याने अर्धशतकाच्या वाटचालीत जे दिले, ते या एका सहीने कसे परत जाते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

हिंदूंबरोबरच बौद्ध, जैन व शीख कुटुंबांना लागू असलेल्या १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या वारसांत स्थान दिले. परंतु एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेतील जन्मसिद्ध हक्क मुलाकडेच राहिला. आई हयात नसलेल्या घरात एक मुलगा व एक मुलगी असल्यास, आधी वडील व मुलगा यांच्यात निम्मी-निम्मी वाटणी झाली असे मानले जाई. मग वडिलांच्या निम्म्याचे दोन भाग होत. म्हणजे मुलाला पाऊण हिस्सा आणि मुलीला पाव. राहत्या घरात तर भाऊ वाटणी करेपर्यंत बहिणीला आपला वाटा मागताही येत नसे.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना जन्मतः समान हक्क दिला. मात्र त्यापूर्वी विवाह झालेल्या मुलींना वगळले. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद संपवला आणि राहत्या घराबाबतचे बंधनही हटवले. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक आहे, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये लावला होता. विनीता शर्मा खटल्यातील ११ ऑगस्ट २०२० च्या निकालाने ती अटही दूर झाली. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी वा विक्री आता उकरून काढता येत नाही.

हक्कसोडपत्राचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर लक्षात येते. स्थावर मालमत्तेतील हिस्सा सोडण्याचा दस्त नोंदणीकृत असावा लागतो. वारसनोंदीत नाव लागले नाही म्हणून बहिणीचा हक्क बुडत नाही, कारण फेरफार नोंद महसुलासाठी असते. तिने मालकी ठरत नाही. नोंदणीकृत सहीचे मात्र तसे नाही. मन बदलले म्हणून ती मागे घेता येत नाही. फसवणूक वा दडपण दिवाणी न्यायालयात सिद्ध करावे लागते आणि तेही वस्तुस्थिती कळल्यापासून तीन वर्षांच्या आत दावा लावून. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या लाभात हक्क सोडण्यास मुद्रांक शुल्कही नाममात्र असल्याने हा मार्ग कुटुंबांना सोयीचा वाटतो.

'तिच्या लग्नात खर्च केला' हे याचे नेहमीचे समर्थन. भावाच्या शिक्षणाचा, व्यवसायाचा वा लग्नाचा खर्च मात्र त्याच्या वाट्यातून कोणी वजा करत नाही. 'आईवडिलांना भावानेच सांभाळले' हा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. पण ती शुश्रूषा बहुतेक घरांत प्रत्यक्षात सून करते, आणि तिनेही स्वतःच्या माहेरी अशीच सही दिलेली असते. पती हयात असेपर्यंत सासरच्या मिळकतीत तिचा स्वतःचा वाटा नसतो. अशा रीतीने तीच स्त्री एका घरात बहीण म्हणून आणि दुसऱ्या घरात पत्नी म्हणून रिक्तहस्त राहते. संसार मोडला वा पती व्यसनी निघाला, तर माहेरी परतणारी स्त्री हक्काने नव्हे, भावाच्या मर्जीने राहते.

ग्रामीण भागात काम करणाऱ्या दर चार स्त्रियांपैकी सुमारे तीन शेतीत राबतात. तरीही २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहितीदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते. शहरांतही चित्र फारसे वेगळे नाही. सदनिकेवर मुलाचे नाव नामनिर्देशित म्हणून असले, की ती त्याचीच झाली असे समजले जाते. वस्तुतः नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही; मृत्युपत्र नसल्यास मुलगा, मुलगी व विधवा आई यांचे वाटे समान असतात. वडिलांना स्वकष्टार्जित मालमत्ता मृत्युपत्राने हव्या त्या व्यक्तीस देता येते, हेही ध्यानात ठेवावे लागते.

स्वेच्छेने वाटा सोडणारी बहीण कायद्याच्या दृष्टीने काहीच गैर करत नाही. प्रश्न त्या स्वेच्छेचा आहे. सहीपूर्वी सर्व मिळकतींची यादी मागणे, दस्ताचा मसुदा घरी नेऊन वाचणे आणि स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेणे, एवढा अवधी तिला मिळायला हवा. वाटा सोडणे आणि भावाशी भांडणे याखेरीज तिसरा मार्गही असतो. आपले नाव कायम ठेवून भावाला जमीन कसू देता येते किंवा घर वापरू देता येते. त्यात माहेरही टिकते आणि अडीअडचणीला आधारही.