नोंद ठेवणाऱ्या पैदासकाराचा मान

गुरांच्या प्रदर्शनांत बक्षीस कोणास मिळतें, हें वाचकांस सांगावयास नको. ज्याचा वळू उंच, रेखीव, शिंगांनीं डौलदार आणि कांतीनें तुकतुकीत, त्याच्या मस्तकीं मानाचा फेटा बांधला जातो आणि वाजतगाजत त्याला गांवीं नेतात. ह्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु त्या वळूच्या मुली दूध किती देतात, त्याचे खोंड किती दिवसांत जुंपण्याजोगे होतात, त्याच्या वंशांत अधू वासरूं कधीं निपजलें काय, हें त्या मंडपांत कोणी विचारीत नाहीं. आणि विचारलेंच, तर धन्यापाशीं दाखविण्याजोगा एकहि लेख नसतो. अमेरिकेंत पैदासकारांची एक संस्था अशी आहे कीं, ती जनावराच्या रूपाबरोबरच धन्याच्या नोंदवहीलाहि मान देते. ती ह्या विचारास कशी आली, तें समजून घेण्यासारखें आहे.

रूपाच्या मोहाचें फळ

हेरफर्ड ही मूळची इंग्लंडांतील हेरफर्डशायर परगण्याची जात. तांबडें अंग आणि पांढरें तोंड ही तिची खूण. सन १८१७ मध्यें हेन्री क्ले ह्या मुत्सद्द्यानें हीं गुरें केंटकी प्रांतांत नेलीं, व पुढें सन १८८१ मध्यें त्यांच्या पैदासकारांनीं ‘अमेरिकन हेरफर्ड असोसिएशन’ ही संस्था स्थापिली. हीं जनावरें दुधासाठीं नव्हे, तर मांसासाठीं पाळतात. तो हेतु आपला नाहीं. परंतु हिशेबाची जी रीत त्यांनीं बसविली, ती कोणत्याहि हेतूच्या गुरांस लागू पडते.

विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तेथील प्रदर्शनांत आंखूड पायांच्या, ठेंगण्या व गोळीबंद जनावरांची चाल पडली. परीक्षक त्यांनाच पसंत करीत आणि अशा वळूंस मोठ्या किंमती येत. थोड्याच वर्षांत ह्या नामांकित वंशांतून खुजीं वासरें जन्मूं लागलीं. डोकें जड, पोट फुगलेलें, श्वास घरघरणारा, पुष्कळशीं अल्पायुषी. हा दोष सुप्त असतो. वळू व गाय दोघेंहि तो वाहणारीं असलीं, तर चारांपैकीं सरासरी एक वासरूं खुजें निपजतें. बाकीचीं दिसण्यांत चांगलींच असतात, आणि त्यांतलीं पुष्कळशीं तो दोष गुपचूप पुढें नेतात.

आतां ज्याच्या गोठ्यांत असें वासरूं जन्मलें, त्यानें काय करावें? सांगितलें तर वळूची किंमत मातींत जाते. न सांगितलें तर शेजाऱ्याचा कळप नासतो. अनेकांनीं तें वासरूं नाहींसें केलें आणि तोंडांतून अक्षर काढलें नाहीं. त्यामुळें दोष फैलावला, आणि अखेरीस लपविणारा व न लपविणारा दोघेहि बुडाले. ह्या अनुभवानें तेथील विचारी पैदासकारांच्या मनावर एक गोष्ट ठसली: डोळ्यांना जें दिसतें तें पुरेसें नाहीं, आणि निवडून सांगितलेलें सत्य हें पुष्कळदां असत्याहून घातक असतें.

वजनाचा हिशेब

ह्याच सुमारास दुसरीकडे शांतपणें एक काम चाललें होतें. माँटॅना प्रांतांतील माइल्स सिटी येथें फोर्ट किओ ह्या सरकारी संशोधन क्षेत्रावर सन १९३४ पासून हेरफर्ड गुरांचा एक वंश केवळ वजनें व नोंदी ह्यांच्या आधारें वाढविला जात होता. त्यास ‘लाइन वन’ म्हणतात. ज्याची वाढ चांगली त्यास ठेवावयाचें, मग त्याचें रूप प्रदर्शनाच्या चालीस जुळो वा न जुळो. पुढें ह्या वंशाचें रक्त अमेरिकेंतील हेरफर्ड कळपांत दूरवर पसरलें. सन १९६० नंतरच्या दशकांत संस्थेनेंहि आपल्या सभासदांसाठीं ‘टोटल परफॉर्मन्स रेकॉर्ड्स’, म्हणजे संपूर्ण कामगिरीची नोंद, ही योजना चालू केली. आणि सन १९६८ मध्यें निरनिराळ्या जातींच्या संस्थांनीं मिळून नोंदींचे नियम एकसारखे करण्यासाठीं ‘बीफ इम्प्रूव्हमेंट फेडरेशन’ हें मंडळ काढलें.

हा हिशेब कसा करतात तें एका दाखल्यानें सांगतों. एक वासरूं जन्मतां ८० पौंड भरलें व २२० व्या दिवशीं आईपासून तोडलें तेव्हां ५२० पौंड भरलें. दुसरें जन्मतां ७५ पौंड व १९० व्या दिवशीं ४९३ पौंड. डोळ्यांना पहिलें मोठें दिसतें. परंतु पहिल्याची वाढ दिवसास २ पौंड व दुसऱ्याची २.२ पौंड. दोघांनाहि २०५ दिवसांच्या एकाच मापावर आणिलें, तर पहिलें ४९० व दुसरें ५२६ पौंड ठरतें. शिवाय दुसऱ्याची आई पहिलटकरीण असेल, तर तिचें दूध कमी म्हणून त्याला आणखी सूट द्यावी लागते. जन्मतारीख लिहिली नसती, तर हीन वासरूं वळू म्हणून ठेविलें गेलें असतें आणि श्रेष्ठ वासरूं विकलें गेलें असतें.

सबंध कळपाची नोंद

तथापि एक खोट राहिली होती. पैदासकार ज्या वासरांचें नांव वंशावळींत चढवावयाचें, त्यांचींच वजनें पाठवीत. बाकीचीं वहींत येतच नसत. ज्यानें महसूल खात्यांत नोकरी केली आहे, त्यास ह्यांतील दोष तात्काळ कळेल. ज्या शेतांत पीक उभें आहे तेवढींच पाहून गांवाची आणेवारी ठरविली, तर दुष्काळांतहि गांव सोळा आणे पिकलेलें दिसेल.

ह्यांत लबाडी करणाऱ्याचेंहि नुकसानच होतें. समजा, दहा वासरांचीं वजनें ४३०, ४५०, ४६०, ४९०, ५००, ५१०, ५२०, ५३०, ५५० व ५६० पौंड आहेत. सरासरी ५०० झाली. उत्तम वासरूं सरासरीहून ६० पौंडांनीं वर आहे. आतां धन्यानें लाजेस्तव खालचीं तीन गाळलीं. सरासरी सुमारें ५२३ झाली, आणि तेंच उत्तम वासरूं आतां केवळ ३७ पौंडांनीं वर राहिलें. वळूची योग्यता त्याच्या संततीच्या अशा अंतरावरूनच ठरते. हीन झांकावयास जावें, तों श्रेष्ठाचेंच तेज कमी होतें.

म्हणून एकविसाव्या शतकाच्या आरंभीं संस्थेनें सबंध कळपाच्या नोंदीची पद्धत स्वीकारली. तींत वर्षाची आकारणी वासरावर न बसतां कळपांतील गाईंच्या संख्येवर बसते, आणि प्रत्येक गाईनें त्या वर्षीं काय केलें ह्याचा जबाब द्यावा लागतो. व्याली, भाकड राहिली, गाभडली, वासरूं मेलें, विकली, मेली. कांहींहि असो, रकाना रिकामा ठेवतां येत नाहीं.

सुवर्ण पैदासकार

आतां मुख्य मुद्दा. नोंद ठेवणें हें कष्टाचें व खर्चाचें काम आहे. पहांटे व्यालेल्या गाईच्या वासराला थंडींत जाऊन तोलावें लागतें. व्यावयास मदत लागली काय, कासेची ठेवण कशी, दूध तोडतांना व वर्षाचें झाल्यावर वजन किती, गाईचें स्वतःचें वजन किती, ध्वनिलहरींच्या यंत्रानें घेतलेलें अंगाचें माप काय, वंशपरीक्षेसाठीं रक्ताचा वा केसांचा नमुना दिला काय. हें सर्व वेळच्या वेळीं करावें लागतें. आणि इतकें करून हातीं येतो तो आपल्याच कळपाचा उणेपणा. बाजारांत मात्र न बोलणाऱ्याचा माल आधीं खपतो.

हा अन्याय दूर करण्यासाठीं संस्था अशा प्रत्येक टप्प्याची माहिती गोळा करून देणाऱ्या सभासदांस ‘गोल्ड टी. पी. आर. ब्रीडर’, म्हणजे सुवर्ण पैदासकार, म्हणून गौरविते व त्यांचीं नांवें प्रसिद्ध करिते. ह्या मानाचें मर्म नीट ध्यानांत घ्यावें. तो सर्वांत भारी वळूबद्दल नाहीं, सर्वांत मोठ्या कळपाबद्दलहि नाहीं. तो पुऱ्या वहीबद्दल आहे. वीस गाईंचा धनी हजार गाईंच्या धन्याच्या पंक्तीस बसूं शकतो. खरेदीदारालाहि त्या नांवावरून कळतें कीं, ह्या घरचा आंकडा हा निवडलेला आंकडा नव्हे.

आपल्याकडील स्थिति

आपल्या देशांत ही कल्पना अगदींच नवी नाहीं. सन १९४१ मध्यें गीर, कांकरेज, हरियाणा, ओंगोल इत्यादि जातींच्या वंशनोंदणीस आरंभ झाला, आणि स्वातंत्र्यानंतर रोहतक, अहमदाबाद, ओंगोल व अजमेर येथें केंद्रीय सरकारचीं नोंदणी केंद्रें निघालीं. सन २०२१ पासून देशी जातींचीं गुरें पाळणाऱ्यांस राष्ट्रीय गोपाळ रत्न पुरस्कार दिले जातात. अलीकडे गोठ्यागोठ्यांतून जनावरांच्या कानांत १२ आंकडी बिल्ले मारले आहेत. परंतु बिल्ला म्हणजे केवळ सर्व्हे नंबर होय. सातबाऱ्यावर नंबर आहे आणि पीकपाहणीचा रकाना कोरा आहे, अशा उताऱ्याचा जितका उपयोग, तितकाच नोंद नसलेल्या बिल्ल्याचा.

आपल्या यात्रांतून दुधाची चढाओढ होते तीहि एकदोन दिवसांच्या धारेवर. दोन गाई घ्या. एकीनें व्याल्यावर दरमहा एक दिवस मोजून १२, ११, ८, ६, ४, २ लिटर दूध दिलें आणि ती आटली. महिन्याचे ३० दिवस धरून वेताचें दूध १,२९० लिटर झालें. दुसरी कधींच ९ लिटरांवर गेली नाहीं. परंतु तिनें ९, ९, ८, ८, ७, ७, ६, ५, ४, ३ असें दहा महिने दूध दिलें, म्हणजे १,९८० लिटर. यात्रेंत फेटा पहिलीच्या धन्यास मिळेल, आणि गांव तिचाच गोऱ्हा वळू म्हणून मागेल. दुसरीचा गोऱ्हा बाजारीं जाईल. अशा रीतीनें आपणच आपल्या हातांनीं चांगला वंश घालवितों.

संघानें काय करावें

आपल्या संघानें पुढील वार्षिक मेळाव्यापासून रूपाच्या बक्षिसाबरोबर नोंदवहीचेंहि एक बक्षीस ठेवावें, अशी माझी सूचना आहे. त्याचे नियम थोडकेच असावे:

१. गोठ्यांतील प्रत्येक गाय, म्हैस, कालवड व वगार वहींत असावी. एकहि वगळलेली आढळल्यास वही बाद.

२. जनावर फळविल्याची तारीख, वळूचें नांव अथवा रेतनाच्या कांडीवरील क्रमांक, आणि व्याल्याची तारीख लिहावी.

३. महिन्यांतून एक ठराविक दिवस सकाळ व संध्याकाळचें दूध मोजून त्याच दिवशीं लिहावें. महिनाअखेर आठवून लिहूं नये.

४. भाकड, गाभडलेलें, अधू जन्मलेलें व मेलेलें जनावर कारणासह लिहावें.

५. खिल्लारासारख्या कामाच्या जातींत दुधाऐवजीं वाढ, जुंपल्याचें वय आणि काम ह्यांची नोंद धरावी. खिल्लाराला देवणीच्या मापानें मोजूं नये.

६. वही वर्षांतून दोनदां, आगाऊ न कळवितां, दुसऱ्या गांवच्या सभासदांनीं तपासावी.

७. बक्षीस देतांना दुधाचा आंकडा पाहूं नये. वहीचा पुरेपणा व खरेपणा पाहावा. कमी दूध लिहिणाऱ्याची थट्टा करणाऱ्यास मेळाव्यांत बोलूं देऊं नये.

शेवटचा नियम हाच सर्वांचा पाया आहे. खरें लिहिल्यानें अब्रू जाते असें जेथें वाटतें, तेथें सक्तीनें भरलेल्या वह्या खोट्याच भरल्या जातात. आणि खोट्या वहीपेक्षां कोरी वही बरी. खरें लिहिणाऱ्याची अब्रू वाढते असें चार वर्षें डोळ्यांस दिसलें, म्हणजे सांगण्याचीहि जरूर राहणार नाहीं.

जमिनीची नोंद सरकार ठेवितें, कारण तिच्यावर सारा बसतो. गुरांवर सारा नाहीं, म्हणून त्यांचें दफ्तर कोणी ठेविलें नाहीं. परंतु त्यांच्यावर आपल्या मुलाबाळांचें दूध आणि आपल्या शेतीचें बळ अवलंबून आहे. तें दफ्तर आपलें आपणच ठेविलें पाहिजे. त्यास दोन आंकडी वजनकांटा, एक वही आणि महिन्याचा एक दिवस एवढेंच भांडवल लागतें.