ल्युर लावला, पण पतंग मोजले का?

२०१८ मध्ये पांढरकवडा-राळेगाव भागातल्या टी-१ वाघिणीला, म्हणजे ‘अवनी’ला, भुलवण्यासाठी वनविभागाने कॅल्विन क्लाइनचं ‘ऑब्सेशन’ अत्तर वापरायचं ठरवलं आणि यवतमाळ जगभरच्या बातम्यांत झळकलं. इथल्या कपाशीला मात्र गंधाची ही युक्ती नवी नाही. ती म्हणजे कामगंध सापळ्यात अडकवायची लहानशी रबरी गोळी. शेतकरी तिला ‘ल्युर’ म्हणतात.

गुलाबी बोंडअळीची मादी पतंग रात्री गंध सोडते आणि त्या मागावर नर येतो. १९७३ मध्ये या गंधातली रसायनं ओळखली गेली. तीच कारखान्यात तयार करून गोळीत मुरवतात. प्रत्येक किडीचा गंध निराळा, त्यामुळे हिरव्या बोंडअळीचा ल्युर गुलाबीच्या उपयोगाचा नाही.

सापळ्याची पिशवी पतंगांनी भरली की कीड आटोक्यात आली असं वाटतं. पण त्यात सापडतात ते फक्त नर. अंडी घालणाऱ्या माद्या शेतातच असतात. एकरी दोन सापळे लावायचे ते कीड मारायला नव्हे, तिची चाहूल घ्यायला. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले, तर उपाय करायची वेळ झाली असं समजावं. सोबत डोमकळ्या, म्हणजे अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुलं, शोधावीत, हिरवी बोंडं फोडून पाहावीत.

ही वेळ साधणं महत्त्वाचं, कारण अळी एकदा बोंडात शिरली की छिद्र बुजतं आणि फवारा आत पोचत नाही. २०१७ मध्ये अळीरोधक म्हणून आलेली बीटी कपाशी असूनही बोंडअळीने विदर्भात हाहाकार उडवला. त्याच हंगामात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा जिल्ह्यात एक अनावश्यक फवारणी टळली, तरी खर्चाबरोबर जिवाचा धोकाही टळतो.

ल्युरचा गंध हळूहळू उडून जातो. पाकिटावर दिलेल्या मुदतीत गोळी बदलली नाही, तर रिकामी पिशवी पाहून कीड नाही असा खोटा दिलासा मिळतो. हंगाम संपल्यावर जिनिंगच्या आवारातही सापळे हवेत, कारण साठवलेल्या कापसातून आणि सरकीतून पतंग निघत राहतात. शेतात फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही तेच पीक पुढे वाढवलं, तर अळीला पुढच्या हंगामापर्यंत आयतं घर मिळतं. ती चूक कुठलाच ल्युर निस्तरत नाही.