म्हशी हटवल्या, तळे गवताने भरले

राजस्थानातील भरतपूरचे केवलादेव पक्षी उद्यान जगप्रसिद्ध आहे. मुळात हे संस्थानिकांचे शिकारीचे पाणथळ. १९३८ साली व्हाईसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले. त्याचा जाब कोणी विचारला नाही.

१९८२ साली मात्र पक्ष्यांच्या रक्षणाचे कारण सांगून आसपासच्या गावकऱ्यांच्या म्हशींना चराईबंदी झाली. लोकांनी विरोध केला. पोलिसांनी गोळीबार केला. काही गावकरी प्राणास मुकले.

आणि पक्ष्यांचे भले झाले का? नाही! म्हशी पाण्यात उतरून जे गवत खात, तेच आता माजले. उथळ पाणी त्याखाली झाकले गेले. बदकांना मोकळे पाणी उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून हेच निष्पन्न झाले, की बंदीने पक्ष्यांचे नुकसानच झाले. पुढे गवत कापायला आणि वेडी बाभूळ उपटायला त्याच गावकऱ्यांचे हात लागले.

वाचकहो, पक्षी जगलेच पाहिजेत. पण पाण्याकाठी पिढ्यान् पिढ्या राबणाऱ्यांना आधी विचारले असते, तर माणसेही वाचली असती आणि तळेही.