वाऱ्याच्या आडोशाला

पोरांनो, सायकलींची स्प्रिंट नावाची अशी एक शर्यत असते की सुरुवातीला पुढे जायला कोणीच तयार नसतं. खेळाडू दोनच. लाकडी फळ्यांचा गोल ट्रॅक, दोन-तीन फेऱ्या मारायच्या आणि रेषा आधी गाठायची. पण शर्यत सुरू होते, दोघं रमतगमत निघतात, मान वळवून एकमेकांकडे बघत राहतात आणि मध्येच थांबतात. हो, चक्क थांबतात! पाय टेकायचा नाही, कशाला धरायचं नाही, सायकलीला ब्रेकसुद्धा नाहीत. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये इटलीचा पेत्तेनेल्ला आणि फ्रान्सचा त्राँतँ असे २१ मिनिटं ५७ सेकंद जागच्या जागी उभे होते. आता नियमानं एवढा वेळ थांबू देत नाहीत.

का थांबत असतील सांगा बघू? दमले म्हणून? छे. पुढच्याला हवा फोडावी लागते म्हणून.

हवा दिसत नाही, म्हणून ती रिकामी वाटते. सावकाश सायकल चालवताना ती वाट देते. पण वेग दुप्पट केलात की तिचा अडसर चौपट होतो, आणि तो रेटायला लागणारी ताकद आठपट. ताशी ७० किलोमीटरच्या वेगानं सायकल पळवणाऱ्या माणसाची जवळजवळ सगळी मेहनत हवा बाजूला सारण्यातच जाते. त्याच्या पाठीशी मात्र हवेचा एक निवांत कोपरा तयार होतो. त्यात चाकाला चाक लावून बसलेल्याला साधारण एक तृतीयांश कष्ट कमी पडतात. म्हणून जो तो दुसऱ्याच्या आडोशाला राहायला बघतो, आणि शेवटच्या दोनशे मीटरमध्ये आडोशातून उसळून बाहेर पडतो.

आणि ते उभं राहणं! त्या सायकलीचं मागचं चाक पॅडलशी पक्कं बांधलेलं असतं. चाक फिरलं की पॅडल फिरणार, पॅडल उलटं दाबलं की चाक मागे येणार. ट्रॅक उतरता असतो. खेळाडू पुढचं चाक चढाकडे वळवतो. उतार सायकलीला मागे ओढतो, पाय तिला पुढे ढकलतो, आणि या ओढाताणीत ती जागेवर थरथरत राहते. आपल्या कानाच्या आत खोलवर तीन इवल्या अर्धगोल नळ्या आहेत, त्यांत पाणी भरलेलं आहे. डोकं जरा कललं की ते पाणी हलतं आणि मेंदूला खबर जाते. मेंदू हाताला आणि पायाला हुकूम सोडतो. हे सगळं इतकं झटपट होतं की मनाला पत्ताच लागत नाही. मला विचाराल तर पदकाइतकंच नवल या तीन नळ्यांचं आहे.

त्याच टोकियोत फ्रान्सचा एक वीस वर्षांचा पोरगा तिसरा आला. दानिएल मोरलाँ त्याचं नाव. पेशानं पोलीस. पुढे १९६६ ते १९७५ या काळात तो हौशी खेळाडूंच्या गटात सात वेळा स्प्रिंटचा जगज्जेता झाला. १९६८ ला मेक्सिको सिटीत त्यानं सुवर्ण जिंकलं, शिवाय त्राँतँच्या जोडीनं दोघांच्या सायकलीवरचंही. १९७२ ला म्युनिकमध्ये पुन्हा सुवर्ण.

मेक्सिको सिटी समुद्रसपाटीपासून २२४० मीटर उंचावर आहे. तिथली हवा सुमारे पाचव्या हिश्शानं विरळ. दम लवकर लागतो खरा, पण स्प्रिंटवाल्याला त्याचं फारसं काही वाटत नाही. का, ते ऐका. आपल्या स्नायूंत ताबडतोब वापरता येईल असा ताकदीचा एक छोटा साठा असतो, क्रिएटिन फॉस्फेट म्हणतात त्याला. पूर्ण जोर लावला तर तो दहा सेकंदांच्या आसपास पुरतो. त्याला श्वासाची वाट बघावी लागत नाही. त्या काळी शेवटचे दोनशे मीटर पार करायला अव्वल खेळाडूला अकरा सेकंदांच्या आसपास लागत. म्हणजे साठा संपायला आणि रेषा यायला एकच गाठ! एक सेकंद लवकर निघालात तर रेषेआधीच पाय जड होतात. एक सेकंद उशीर झाला तर समोरचा निघून गेलेला असतो.

ही घटका ओळखण्यात मोरलाँचा हात धरणारा त्याच्या काळात क्वचितच कोणी होता. ट्रॅकच्या वळणावर कड उचललेली असते. जत्रेतला मौत का कुआँ आठवा, तिथं मोटारसायकल भिंतीला चिकटते त्याच कारणानं इथं सायकल चाळीसेक अंशांच्या उतारावर घसरत नाही. वरच्या कडेला गेलेला खेळाडू खालच्यापेक्षा चार-साडेचार मीटर उंच असतो. तिथून खाली झेप घेतली की पायाच्या जोरात पृथ्वीची ओढ मिसळते. ही उंची फुकटची कमाई आहे, फक्त ती कधी खर्च करायची ते कळायला हवं.

१९७६ ला माँट्रियलमध्ये त्याला बत्तिसावं वर्ष सरत आलं होतं. अंतिम लढतीत चेकोस्लोव्हाकियाच्या अंतोन त्काचनं त्याला दोनास एक असं हरवलं. झपाट्यानं आकुंचन पावणारे स्नायूंचे धागे वयाबरोबर आधी झिजतात, त्यापुढे कोणाचं चालत नाही. डोळा मात्र वयाबरोबर पिकत जातो.

मग तो शिकवायला लागला. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर इएर गावात स्प्रिंटवाले तयार होत. तिथं फेलिसिया बालांजे त्याच्या हाताखाली घडली. तिनं १९९५ ते १९९९ सलग पाच वर्षं स्प्रिंट आणि ५०० मीटर अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं घेतली, वर तीन ऑलिंपिक सुवर्णं.

पुढे हा गडी चीनला गेला. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तो चिनी संघाचा प्रशिक्षक होता, वय नुकतंच ६८ पूर्ण. गोंग जिंजिए आणि गुओ श्वांग या मुली सांघिक स्प्रिंटच्या अंतिम फेरीत होत्या. तेव्हा या शर्यतीत पहिली मुलगी एक फेरी हवा फोडायची, दुसरी तिच्या आडोशाला राहायची. मग पहिली बाजूला व्हायची आणि दुसरी एकटी शेवटची फेरी मारायची. बाजूला होण्याची जागा ठरलेली, रेषेनंतरचे फक्त पंधरा मीटर. चिनी मुलींनी रेषा आधी गाठली, आनंदही साजरा केला. तेवढ्यात पंचांनी सांगितलं, अदलाबदल ठरलेल्या जागेआधी झाली. सुवर्ण जर्मनीला गेलं. आणि जर्मनी तरी अंतिम फेरीत कशी आली होती? आधीच्या फेरीत ब्रिटनच्या मुलींकडून नेमकी हीच चूक झाली म्हणून! मोरलाँ चिडला, त्यानं निर्णयावर उघड टीका केली. मला त्याचा राग समजतो. जन्मभर ज्यानं क्षण मोजले, त्याच्या मुलींचं पदक एका क्षणानं गेलं.

गुओ श्वांग मात्र थांबली नाही. त्याच ऑलिंपिकमध्ये तिनं केरिन नावाच्या शर्यतीत रौप्य आणि स्प्रिंटमध्ये कांस्य घेतलं.

चार वर्षांनी रिओत गोंग जिंजिए पुन्हा उतरली, या वेळी झोंग त्यानशीबरोबर. हेल्मेटवर चिनी ऑपेरातल्या वीरांगनांचे चेहरे रंगवलेले, आणि प्रशिक्षक आणखी एक फ्रेंच स्प्रिंटवाला, बेन्वा वेत्यू. आधीच्या फेरीत विश्वविक्रम, अंतिम फेरीत रशियावर मात. सायकलिंगमधलं चीनचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण, आणि या वेळी अदलाबदल अगदी त्या पंधरा मीटरमध्ये.