पाऊस गेला, पिंप राहिले

पाऊस उघडला की लोकांना हायसे वाटते. रस्त्यावरचा चिखल वाळतो, छत्र्या माळ्यावर जातात आणि घटस्थापनेपूर्वीच्या साफसफाईला घरोघर सुरुवात होते. दवाखान्यात मात्र नेमकी याच दिवसांत बाकावर बसायला जागा उरत नाही. शरद ऋतू ही वैद्यांची आई, असे जुने वैद्य गमतीने म्हणत आले आहेत. घरात चार दिवस ताप मुक्कामाला असला, की त्यातली गंमत जाते.

या दिवसांत मलेरिया असतो, टायफॉईड असतो. पण सगळ्यांना धास्ती असते ती डेंग्यूची. पोराला डेंग्यू निघाला की बाप हमखास म्हणतो, ''डॉक्टरसाहेब, गटार तुंबलीय आमच्या दारात, दुसरं काय होणार?'' गटार साफ व्हायलाच हवी, त्यात दुमत नाही. पण गटारीतला डास वेगळा. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठवलेल्या पाण्यात वाढतो. काळ्या अंगावर पांढरे पट्टे असतात आणि तो चावतो दिवसाउजेडी, जास्त करून सकाळी आणि दिवस मावळण्याच्या आधी. म्हणून पाळण्यात दुपारी झोपणाऱ्या बाळालाही मच्छरदाणी हवी. हा डास जन्मला त्या जागेपासून सहसा शंभर-दोनशे मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्हाला चावलेला डास बहुधा तुमच्याच गल्लीत जन्मलेला असतो.

आता नळाला दोन-चार दिवसांआड पाणी येत असेल, तर ''पिंप रिकामे ठेवा'' हा सल्ला कुणी ऐकणार नाही, आणि ऐकूही नये. पाणी साठवा, पण झाकून. झाकण नसेल तर जुन्या धोतराचे फडके दोरीने घट्ट बांधा. मग आठवड्यातून एक दिवस पिंप, रांजण, हौद रिकामा करा आणि आतून घासा. नुसते पाणी ओतून भागत नाही. डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या अंगाला अंडी चिकटवते. ती कोरड्यात महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. गल्लीने मिळून एकच वार ठरवला तर उत्तम. एकोणीस घरांनी पिंपे घासली आणि विसाव्याने नाही, तर त्या डासाला कुंपण आडवे येत नाही. नगरपालिकेच्या धूरफवारणीने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

सांगायला जरा संकोच वाटतो, पण सांगतो. तीन वर्षांपूर्वी आरोग्य खात्याच्या एक ताई बॅटरी घेऊन गल्लीत तपासणीला आल्या होत्या. मी त्यांना मोठ्या रुबाबात आत बोलावले. लस ठेवण्याच्या फ्रिजमागच्या ट्रेमध्ये अळ्या वळवळत होत्या! वीस-पंचवीस वर्षे लोकांना उपदेश करणाऱ्याच्या दवाखान्यात! तेव्हापासून दर सोमवारी तो ट्रे मी स्वतः काढतो. तुम्हीही फ्रिजमागे बघा, कुंडीखालची बशी बघा, मनीप्लँटची बाटली, गच्चीवरचे टायर आणि न वापरलेला कूलरही बघा.

एवढे करूनही ताप आलाच तर? पॅरासिटामॉल, भरपूर पातळ पदार्थ, विश्रांती आणि डॉक्टरांची भेट. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या दुकानातून आणून घेऊ नका. त्यांनी रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ''एक इंजेक्शन मारा, लगेच उतरेल'' हा हट्टही धरू नका.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, डेंग्यूचा खरा धोका ताप उतरताना असतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसात केव्हातरी ताप ओसरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि काही रोग्यांत त्याच वेळी रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो. माझ्याकडची एक अकरा वर्षांची मुलगी ताप उतरला म्हणून चौथ्या दिवशी दसऱ्याला आजोळी गेली. रात्री पोट दुखू लागले. सकाळपर्यंत हातपाय गार पडले होते. जिल्ह्याच्या ठिकाणी वेळेवर सलाईन लागले म्हणून ती आज शाळेत जाते. तेव्हा ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघा. पोटात सतत दुखणे, पुन्हा पुन्हा उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शौच, लघवी कमी, हातपाय गार, रोगी सुस्त किंवा कमालीचा बेचैन, यातले एकही दिसले तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत वाट बघूच नका. नुसत्या प्लेटलेटच्या आकड्याने घाबरून शहराकडे धावणारे मी बरेच बघितले. आकड्यापेक्षा रोग्याची अवस्था बोलते. पपईच्या पानांच्या रसावर विसंबून दवाखाना टाळणे तर धोक्याचेच.

सोयाबीन काढायला, गवत कापायला जाणाऱ्यांना ताप आला तर काख, जांघ, कमरेची घडी तपासा. विडीने भाजल्यासारखी काळी खपली दिसली तर डॉक्टरांना दाखवा. तो स्क्रब टायफस असू शकतो. 2018 साली विदर्भात त्याने बळी घेतले. वेळीच ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने तो बरा होतो. नऊ दिवसांचे उपवास धरणाऱ्या मधुमेहींनी गोळी वा इन्सुलिन तसेच चालू ठेवावे की कमी करावे, हे घट बसण्याच्या आत विचारून घ्यावे. उपाशीपोटी साखर एकदम उतरते, आणि साबुदाण्याने भसकन चढते.

कोजागरीला गच्चीवर दूध आटवायला सगळे जमालच. चंद्र वर यायला अवकाश असतो. तेवढ्या वेळात कुणीतरी बॅटरी घेऊन पाण्याच्या टाकीचे झाकण नीट बसले आहे का, ते बघून यावे.