फडक्यांचे वाचक

मराठीत प्रेमकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून देणारे नारायण सीताराम फडके यांचा जन्म ४ ऑगस्ट १८९४ रोजी अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातील कर्जत येथे झाला. त्यांच्या ‘जादूगार’ (१९२८) आणि ‘दौलत’ (१९२९) या कादंबऱ्या तरुणांनी, विशेषतः कॉलेजातल्या मुलामुलींनी, उचलून धरल्या. सुशिक्षित नायिका, गैरसमज, ताटातूट आणि अखेर मीलन हा साचा वाचकांना पाठ झाला, तरी पुढले पान उलटायचा मोह काही सुटेना. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या फडक्यांनी कथानकाची ही कारागिरी ‘प्रतिभासाधन’ या पुस्तकात (१९३१) उघड मांडली.

टीकाकारांना या कादंबऱ्यांतले जग गुळगुळीत वाटे. ‘कलेसाठी कला’ मानणारे फडके आणि ‘जीवनासाठी कला’ मानणारे वि. स. खांडेकर यांचा वाद वाचकांतही रंगला. गंमत अशी, की अनेक घरांत दोघांचीही पुस्तके आवडीने वाचली जात. मांगा या जपानी चित्रकथांवर किंवा किशोरांच्या प्रेमकथांवर आज घेतला जाणारा ‘सगळे ठरावीकच’ हा आक्षेप फडक्यांच्या वाट्याला कितीतरी आधी आला होता. १९४० मध्ये रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद आणि १९६२ मध्ये पद्मभूषण मात्र त्यांना मिळाले.